निर्णय तात्यावर सोडायचा नाही

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावाला आले की गाडीच्या डिकीतून काय काय उतरतं. जुना टीव्ही, फ्लॅटमध्ये अडचण झालेला सोफा, पोरांना लहान झालेल्या सायकली. गावचं घर मोठं, पडवी रिकामी, त्यामुळे तिकडे नको झालेलं सगळं इकडे येऊन पडतं. अलीकडे त्यात कुत्र्यांची भर पडली आहे. आधी लॅब्रॅडॉर आले, मग जर्मन शेफर्ड, मग हस्की (कोकणातल्या उन्हाळ्यात हस्की! पण तो राग आज बाजूला ठेवते), आणि आता पिटबुल.

कथा बहुतेक सारखीच असते. पिल्लू आणलं तेव्हा मांडीवर मावत होतं, फोटोंना बदाम पडत होते. वर्षभरात मान भरली, छाती रुंद झाली. लिफ्टचं दार उघडल्यावर शेजारी "तुम्ही व्हा पुढे" म्हणायला लागले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. मग एका रात्री जेवताना घरातलं कोणीतरी म्हणतं, "गावाला नेऊन सोडू. मोकळी जागा आहे, त्याला बरं वाटेल."

आमच्या देवगड तालुक्यातल्या वाडीत तो असाच आला. चुलतभावाने आणला आणि काकांच्या घरामागे हापूसच्या कलमाला साखळीने बांधून चतुर्थीला येतो म्हणून निघून गेला. काकांचं वय झालेलं, कंबर धरलेली. ते भाताचं ताट काठीने त्याच्यापुढे सरकवायचे. साखळी फिरेल तेवढा गोल झाडाभोवती घासून गुळगुळीत झाला होता, पालापाचोळासुद्धा राहिला नव्हता तिथे. पावसात तो त्याच गोलात, चिखलात. गणपती झाले तसा मी त्याला आमच्याकडे आणला. नाव होतं टायसन. आईच्या तोंडी ते बसेना, वाडीतल्या पोरांनी त्याचं 'तात्या' करून टाकलं. खालच्या वाडीतल्या खऱ्या तात्यांना हे फारसं रुचलेलं नाही, पण आता इलाज नाही.

तात्या माणसांत कसा आहे हे विचाराल तर लाजिरवाणा लाडका आहे. मासेवाली टोपली उतरवून उकिडवी बसली की तो अंग टेकून तिच्या पावलांवर बसतो. आई वाल सोलत असली की तिच्या पदराखाली डोकं खुपसून घोरतो. पाहुणा आला की शेपूट असं हलतं की पितळी तांब्या लवंडतो. मासेवाल्या काकींनी पहिल्यांदा त्याला पाहिलं तेव्हा लांबूनच विचारलं होतं, "काय गो, ह्यो चावता काय?"

"आजून चावाक नाय. पण हाक मारल्याशिवाय बेड्याच्या आत येव नको," मी म्हटलं. (बेडा म्हणजे आवाराचं फाटक.)

हे उत्तर मी आजही बदललेलं नाही. काकींना आता ते अपमानास्पद वाटतं, कारण त्यांच्या मते तात्या म्हणजे गाय आहे, गाय.

या कुत्र्याचा स्वभाव कळायचा तर त्याला माणसाने कशासाठी घडवला ते आधी बघायला हवं. इंग्लंडात बैल खुंट्याला बांधून त्याच्यावर कुत्री सोडायचा खेळ चालायचा. १८३५ साली कायद्याने तो बंद झाला. माणसाची खुमखुमी मात्र कायद्याने बंद होत नाही. लोक कुत्र्याशी कुत्रा लढवायला लागले. ते लपवायला सोपं, जागा थोडी लागायची. त्यासाठी बुलडॉगची ताकद आणि टेरियरची (बिळात घुसून उंदीर-घुशी पकडणारी छोटी शिकारी कुत्री) चपळाई, चिकाटी एकत्र आणली. हीच कुत्री पुढे अमेरिकेत गेली. तिथे १८९८ मध्ये युनायटेड केनेल क्लब निघाला आणि त्याने पिटबुल टेरियरची नोंदणी सुरू केली.

रिंगणात लढणाऱ्या कुत्र्याबरोबर त्याचा माणूसही आत असायचा. झुंज ऐन रंगात असताना त्याला कुत्रा हाताने उचलावा लागायचा, जखमा धुवाव्या लागायच्या. त्या क्षणी माणसाचा हात फोडणारा कुत्रा कोणालाच नको होता. त्यामुळे पिढ्यानपिढ्या दोन गोष्टी शेजारी शेजारी जोपासल्या गेल्या: दुसऱ्या कुत्र्यावर तुटून पडायची, मागे न हटण्याची वृत्ती, आणि माणसाच्या हाताबद्दल कमालीचा विश्वास. अर्थात जिंकणारा कुत्रा माणसावर धावणारा असला तरी त्याची पिल्लं विकली गेलीच. पैशापुढे कोण नियम पाळतो? पण ढोबळमानाने पिटबुलचा स्वभाव हा असा दुपदरी आहे, आणि सगळे घोळ एका पदराकडे बघून दुसऱ्याबद्दल बोलल्याने होतात. काकींच्या पायावर बसणारा तात्या बघून "हा कशाला कोणाला काय करतोय" म्हणणारे एकीकडे. शेजारच्या बोकडाकडे टक लावून बघणारा तात्या बघून "हा पोरं खाईल" म्हणणारे दुसरीकडे. दोघांनी बघितलेलं खरं आहे, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा.

आणखी एक घोटाळा आकाराचा. जातीच्या वर्णनानुसार पिटबुल नर साधारण १६ ते २७ किलोचा, म्हणजे मध्यम बांध्याचा कुत्रा. आपल्याकडे पन्नास किलोचं धूड दाखवून "प्युअर पिटबुल" म्हणून विकतात, तो कशाकशाचा संकर असतो देव जाणे. अमेरिकन केनेल क्लब आणि एफसीआय या कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या दोन मोठ्या संस्थांच्या यादीत ही जातच नाही, त्यामुळे विकणाऱ्याने छातीठोकपणे दाखवलेल्या कागदावर फार विसंबू नये. आईबापांचा स्वभाव स्वतःच्या डोळ्यांनी बघता आला तर तो खरा कागद.

"कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की मी चहा ठेवायला आत जाते. अर्धं खरं आहे ते. अमेरिकेत २००७ मध्ये एका नामांकित फुटबॉलपटूच्या मालमत्तेवर कुत्र्यांच्या झुंजीचा अड्डा सापडला आणि पन्नासेक कुत्री ताब्यात घेतली गेली. तोवर अशा कुत्र्यांना सरसकट मारून टाकायची रीत होती. या वेळी प्रत्येक कुत्रा वेगळा तपासला गेला आणि बहुतेक वाचली. त्यांतली कित्येक पुढे चारचौघांच्या घरात नांदली. म्हणजे झुंजीच्या रक्ताचा कुत्रा खुनशीच असणार, हे खोटं.

पण म्हणून रक्ताला काही अर्थच नाही असंही नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की हापूसची कोय पेरून हापूस येईलच असं नाही. हापूस हवा तर कलम बांधावं लागतं. कुत्र्याचं कलम होत नाही. प्रत्येक पिल्लू हे कोयीचं झाड. बाप कसा, आई कशी यावरून अंदाज येतो, खात्री नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांवरचा अभ्यास आला होता. त्यात कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीने समजावता आला. हा आकडा पिटबुलवाले आनंदाने सांगतात. पण त्याचा दुसरा अर्थही आहे: "ही जात प्रेमळच असते" हे आश्वासनसुद्धा तितकंच पोकळ. समोरचा हा एक कुत्रा ओळखण्याला पर्याय नाही.

आणि ओळखायला वेळ द्यावा लागतो. पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात त्याला जग दाखवायचं असतं: छत्रीतला माणूस, काठी टेकत चालणारी म्हातारी, मोटारसायकल, ढोल, मांजर. नेमक्या त्या काळात आपल्याकडची पिल्लं विकणाऱ्याच्या पिंजऱ्यात असतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा २०१७ चा नियम आहे. तो कोण पाळतं हे तुम्हालाही ठाऊक आहे. दुसरं म्हणजे या कुत्र्यांची इतर कुत्र्यांबद्दलची असहिष्णुता पिल्लूपणी दिसत नाही. वर्ष-दोन वर्षांचा होईपर्यंत वाडीतल्या सगळ्या कुत्र्यांशी लोळून खेळणारा एक दिवस खेळायचा थांबतो. मालक म्हणतो, "काल-परवापर्यंत चांगला होता हो, कोणीतरी काहीतरी केलं असणार." कोणी काही केलेलं नसतं. तो वयात आलेला असतो.

तात्याचं सांगते. संध्याकाळी मी त्याला सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर फिरवते. एकदा करवंदीच्या जाळीमागून खालच्या वाडीतला लाल्या निघाला, भटका, जरा आगाऊच. माझ्या हातातली दोरी सैलच होती. तात्या भुंकला नाही, गुरगुरला नाही. एवढा वेळ धापा टाकत, जीभ बाहेर काढून चाललेला, त्याचं तोंड मिटलं. बस्स. मग कान पुढे, कपाळावर आठी, शेपूट काठीसारखी ताठ आणि अगदी टोकाशी बारीक थरथर. लांबून बघणारा म्हणाला असता, शेपूट हलवतोय, मैत्री करायची असेल. मी तोंड मिटल्याबरोबर त्याला घेऊन वळले, चिऱ्याच्या खाणीच्या आड गेले, खिशातल्या सुकटीचा वास दिला. लाल्या दिसेनासा झाला आणि तात्याचं तोंड पुन्हा उघडलं. या सगळ्याला भाजी निवडायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. माझं या कुत्र्याबद्दलचं जे काही ज्ञान आहे ते त्या मिटलेल्या तोंडात आहे. गुरगुरण्याची वाट बघणाऱ्याला पिटबुल पाळता येणार नाही.

एकदा पकड बसली की मात्र अवघड. जबडा कुलपासारखा अडकतो ही भाकडकथा आहे. त्याचा जबडा इतर कुत्र्यांसारखाच. तो सोडत नाही कारण त्याला सोडायचं नसतं. काठीने हाणलं, ओढलं की पकड आणखी घट्ट होते आणि खालच्या जनावराचं मांस फाटतं. म्हणून सगळी अक्कल आधी वापरायची. आमच्या घरचा नियम एकच आहे आणि तो मी आईच्या, पाहुण्यांच्या, पोरांच्या डोक्यात सारखा भरवत असते: निर्णय तात्यावर सोडायचा नाही. समोरच्या शेळीचं काय करायचं हे त्याने ठरवायची वेळच येऊ द्यायची नाही.

हे शहरापेक्षा गावात कठीण आहे, आणि "मोकळी जागा आहे" म्हणणाऱ्यांना हेच कळत नाही. फ्लॅटला दार असतं. आमच्या घरांना दारं आहेत पण ती बंद कुठे असतात? खळ्यात, म्हणजे अंगणात, कोणीही येतं. गडगा म्हणजे एकावर एक रचलेले दगड, कंबरभर उंच. कुत्रा तो पायरीसारखा ओलांडतो. शेजारच्या कोंबड्या आमच्या आगरात, आमची मांजर त्यांच्या माळ्यावर. पोस्टमन, विजेचं बिल देणारा, देवळाची वर्गणी मागणारे, सगळे थेट पडवीत. अशा ठिकाणी या कुत्र्याला मोकळं सोडणं म्हणजे बाकी सगळ्यांना बांधून घालणं.

मग मी काय केलं? मागच्या आगराला चिऱ्याची डोक्याइतकी भिंत घातली, वर जाळी. बेड्याच्या आत आणखी एक गेट, म्हणजे एक उघडलं तरी दुसरं बंद. त्या खर्चात एक बरी म्हैस आली असती, हे आई अजून ऐकवते. रस्त्यावर तो कायम दोरीला, आणि जिथे गर्दी, तिथे मुसक्यात. मुसकं मळणीच्या बैलाला बांधतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत, त्यामुळे कोणी हसलं नाही. फक्त कुत्र्याचं मुसकं जाळीच्या टोपलीसारखं लागतं. त्यात तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो; तोंड आवळून टाकणारी कापडी पट्टी आमच्या उकाड्यात त्याचा जीव घेईल. पहिले कितीतरी दिवस मी ते नुसतं हातात धरून आत रताळं चोपडून ठेवायचे. तो आपणहून नाक घालायचा, चाटायचा, काढायचा. बक्कल लावायची घाई केली नाही. आता मुसकं दिसलं की त्याला फिरायला जायचं कळतं, स्वतःच नाक पुढे करतो.

चतुर्थीला घर भरतं. झांजा, आरत्या, फटाके, ओळख नसलेली पोरं. त्या दिवसांत तात्या मागच्या खोलीत, कडी वर. ती कडी काढायची मुभा मला आणि आईला, तिसऱ्या कोणाला नाही. "अगो, काय करत नाय तो, सोड बाहेर," असा आग्रह दर वर्षी कोणीतरी करतंच, बहुधा तीच माणसं जी मे महिन्यात त्याला घाबरून गाडीतून उतरत नव्हती. घरचा कुत्रा पोराला चावतो तो बऱ्याचदा खाताना, झोपेत किंवा कोपऱ्यात अडकला असताना. पोरांना मी सांगते की जेवणाऱ्या कुत्र्याकडे आणि झोपलेल्या कुत्र्याकडे जायचं नाही, पण त्यांच्या लक्षात राहण्यावर मी विसंबत नाही. मोठं माणूस मध्ये असेल तरच पोर आणि कुत्रा एका खोलीत.

नसबंदीसाठी गगनबावड्याचा घाट चढून त्याला कोल्हापूरला नेला. त्याने त्याचा कुत्र्यांवरचा राग गेला नाही, जाणारही नव्हता. पण माजावरच्या कुत्रीच्या वासाने भिंतीवर उड्या मारणं थांबलं, आणि मुख्य म्हणजे त्याची पिल्लं या तालुक्यात फिरणार नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये पिटबुलसह तेवीस जातींचे परवाने, विक्री आणि पैदास थांबवा असं राज्यांना कळवलं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं. ब्रिटनमध्ये १९९१ पासून पिटबुलवर बंदी आहे. बंदीने प्रश्न सुटतो यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण एका जातीवर बंदी आली की हौशी माणूस दुसरी दांडगी जात शोधतो. तिकडेच बघा, २०२३ च्या अखेरीस एक्सएल बुली या धिप्पाड जातीला बंदीच्या यादीत घालावं लागलं. पण पैदाशीवर कडक नियम हवेत, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. बाकी जे कायदे आहेत तेही कमी नाहीत. कुत्र्यामुळे माणसाला गंभीर इजा होईल अशी शक्यता असताना खबरदारी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवलं नाही तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तोही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज बांगड्याचा वाटासुद्धा येत नाही.

चावलंच कोणाला तर तिखट, चुना, हळद काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. कुत्रा घरचा, लस दिलेला असला तरी डॉक्टरांना ठरवू द्यायचं. पिल्लाला तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग दर वर्षी. आमच्याकडे पावसाळ्यात लेप्टोच्या तापाचीही काळजी, कारण उंदीर मुतलेल्या पाण्यात कुत्रा तोंड घालतोच.

गेल्या महिन्यात वरच्या घरचा मुलगा आला. चांगला कष्टाळू पोरगा, हापूसची बाग राखतो. "ताई, माका तात्यासारख्या एक पिल्लू मिळात काय? बागेत सोडूक होया. चोर येतत, माकडा येतत."

मी त्याला पडवीत बसवलं. म्हटलं, राखणीला हा कुत्रा कुचकामी. माझं मत सोड, युनायटेड केनेल क्लबच्या वर्णनातच लिहिलंय की परक्या माणसाशीही तो फार सलगी करतो म्हणून राखणीला योग्य नाही. तुझ्या चोराने बिस्कीट दिलं तर तात्या त्याला आंब्याची पेटी उचलायला मदत करेल. माकडांच्या मागे जाईल ते गडगा ओलांडून तिसऱ्याच्या शेळ्यांत. टेरियर आहे, पाल्यात सळसळलं की नाक घालणार. आपल्या सड्यावर फुरसं किती आहे तुला सांगायला नको. अंगावर केस आखूड, त्यामुळे गोचिड दिसतात तरी, पण या जातीची कातडी नाजूक, पावसाळाभर खाज आणि औषधं. आणि रात्री झाडाला बांधून ठेवशील तर बिबट्याची सोय होईल. पिटबुल असला म्हणून बिबट्या विचार करत नाही.

"मगे काय करू?"

गावठी घे, म्हटलं. दोन. भुंकण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, आपली हवा त्यांना मानवते, आणि रेबीजची लस दिलीस की निम्मी काळजी मिटली. तो जरा हिरमुसला, कारण मोबाईलमध्ये कान कापलेल्या, साखळदंड घातलेल्या पिटबुलचा फोटो त्याने आधीच मित्रांना पाठवला होता. तेवढ्यात तात्या मागच्या गेटपाशी येऊन त्याच्याकडे बघत शेपूट आपटायला लागला. "बघ, ओळखता माका," पोरगा म्हणाला आणि उठून गेटची कडी काढायला गेला. मी त्याचा हात धरला. आमची मांजर तेव्हा खळ्यात, त्याच्या पायाशीच बसली होती.